एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांचं लसीकरण : कार्डावर नोंद आहे, पण ताकद टिकली का?

पुणे : खरेदीला, दगडूशेठच्या दर्शनाला तालुक्यातून मंडईत रोज माणसं येतात. तिथून ससून रुग्णालय लांब नाही. जिल्हा न्यायालय स्टेशनला मेट्रो बदलली की पुणे स्टेशन, आणि ससून तिथून जवळच. तिथल्या एआरटी केंद्रात एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. मुलाला घेऊन जाताना औषधाच्या कागदांसोबत लसीकरणाचं कार्डही न्यावं.

लस कमी का पडते?
लस शरीराला रोगाची ओळख करून देते आणि पांढऱ्या पेशी ती लक्षात ठेवतात. एचआयव्ही यातल्याच सीडी४ पेशी मारतो. म्हणून औषध सुरू होण्याआधी दिलेल्या लसीचा असर कमी पडू शकतो किंवा लवकर उतरतो. औषधाने सीडी४ वाढतात, पण जुन्या लसीची ओळख आपोआप परत येतेच असं नाही.

कोणती लस, कधी?
पेंटाव्हॅलेंट (6, 10 आणि 14 आठवडे), न्यूमोकोकल, पोलिओचं इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात. या लसी एचआयव्ही असलेल्या मुलालाही वेळेवर द्यायच्या. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, तरी बालरोगतज्ज्ञ ती दरवर्षी घ्यायला सांगतात.

गोवर-रुबेलाची लस जिवंत असते. ती 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात. पाच वर्षांखालच्या मुलाचं सीडी४ प्रमाण 15 टक्क्यांच्या खाली असेल तर ती थांबवतात आणि औषधाने मूल सावरलं की देतात. थांबवली म्हणजे रद्द झाली, असं नाही.

बीसीजी जन्मतःच देतात. ती राहिली असेल आणि नंतर मुलाला एचआयव्ही निघाला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

पुन्हा डोस
औषधाने प्रतिकारशक्ती सावरल्यावर गोवरच्या लसीचा जादा डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कावीळ ब च्या लसीचा असर रक्त तपासून कळतो. कमी निघाला तर पुन्हा डोस देतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे दोन्ही जरूर विचारा.

आई बाधित असेल तर
बाळाची पहिली तपासणी 6 आठवड्यांनी होते, शेवटची 18 महिन्यांनी. तोवर नेहमीच्या लसी थांबवायच्या नाहीत. घरातल्या बाकीच्या मुलांच्याही लसी पूर्ण ठेवा, म्हणजे गोवर घरात शिरणार नाही.

लोकांना कळेल ही भीती
गावात कळेल म्हणून काही जण लसीच्या दिवशी मूल आणतच नाहीत. पण 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि उपचारात भेदभावाला मनाई आहे. मोफत माहितीसाठी 1097 वर फोन करा.

आजाराची गोष्ट गुप्त राहू द्या, पण मुलाची लस चुकवू नका.