एका मीटरचा वाडा

परवा आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर कॉमन लाइट बिलावरून जुंपली आणि मला शहापुरातला वाडा आठवला.

मी मूळचा निपाणीचा. 1974 साली बँकेत लागलो, आईला घेऊन बेळगावात बिऱ्हाड केलं. वाड्यात मालक धरून पाच बिऱ्हाडं, मीटर एकच, तोही मालकांच्या सोप्यात. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. हिशेब बल्बावर. बल्बाला महिना दोन रुपये, रेडिओला एक जादा, इस्त्री बंद. रात्री दहाला तात्या अंगणात येऊन खाकरले की दिवे मालवायचे. पाण्याचं भांडण नव्हतं. परसातली विहीर सगळ्यांची, राकसकोपचं नळाचं पाणी आलं की हंड्यांची रांग ठरलेली.

एकदा बिल भरायला तात्यांनी मलाच पाठवलं. मी पडलो बी.कॉम.! चार बिऱ्हाडांकडून गोळा झाले होते बावीस रुपये, बिल सतरा. म्हणजे तात्यांचे दिवे फुकट, वर पाच रुपये शिल्लक. संध्याकाळी कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की ओ. आता भाड्याचंही मांडा."

ते मांडल्यावर मी गप्प झालो. शेजारच्या बिऱ्हाडाचं भाडं बारा रुपये, 1958 पासून तेच. 1961 चा भाडे नियंत्रण कायदा असा, की जुन्या भाडोत्र्याचं भाडं मालकाला मनाला येईल तसं वाढवता येत नसे. कौलं, चुना, विहिरीचा दोर सगळं तात्यांच्या अंगावर. बल्बाचे पैसे हे लपवलेलं भाडंच होतं. पण मी नवा, माझं भाडं तीस रुपये, आणि बल्बाचा दर मलाही तोच. हे मात्र मला आजही पटत नाही.

शेवटी सब-मीटर बसले, महिन्याला वहीत रीडिंग. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर घ्यायचा? तात्या म्हणाले भाडोत्री जिना वापरतात, भाडोत्री म्हणाले जिना मालकांचा. तो दिवा निघाला तो निघालाच. त्या पावसाळ्यात आई जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी न सांगता दिवा लागला. कुणी लावला, मी विचारलं नाही.

आता टिळकवाडीत फ्लॅट आहे, मी खजिनदार. प्रत्येकाचा आर.आर. नंबर वेगळा. हेस्कॉम 2002 साली आलं, तरी आम्ही अजून केईबीचं बिलच म्हणतो. 2023 ला गृहज्योती आली. ठरलेल्या युनिटच्या आत राहिलं की बिल शून्य, भाडोत्र्यालाही. पण जिना, लिफ्ट आणि बोअरची मोटर ज्या मीटरवर आहे, त्याचं बिल येतंच. भाडोत्री म्हणतात, आमची लाइट फुकट, हे कसले पैसे? पुण्यात राहणारे मालक म्हणतात, लिफ्टने आम्ही थोडेच जातो?

मी बैठकीत मांडलंय : रोजच्या वापराची लाइट राहणाऱ्याने द्यावी; लिफ्टची दुरुस्ती, मोटर, रंग मालकाने; आणि हे भाडेकरारातच लिहावं. दोन मालकांचं उत्तर यायचं आहे. वॉचमनला सांगून ठेवलंय, तोवर जिन्यातला दिवा बंद करायचा नाही, कमी पडतील त्या पैशांची पावती माझ्या नावाने फाडा.