फ्लेक्झिबल, लवचीक आणि परतूरचे अधिवेशन

१/ 'फ्लेक्झिबल' हे इंग्रजी विशेषण आता मराठी बोलण्यात सर्रास येते. तार फ्लेक्झिबल, कामाची वेळ फ्लेक्झिबल आणि माणूसही फ्लेक्झिबल. एकच शब्द तीन निरनिराळे अर्थ वाहतो. त्यांतील भेद किती महत्त्वाचा आहे, हे परभणी जिल्ह्याच्या इतिहासातील एका प्रकरणावरून ध्यानात येते.

२/ या शब्दाचे मूळ 'वाकवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. आपल्या 'लवचीक'चे नातेही 'लवणे'शीच. वेताची काठी किंवा व्यायामाने कमावलेले शरीर लवचीक असते. वेळेबाबत आपण 'सोयीनुसार बदलता येणारी' म्हणतो, माणसाबाबत 'जुळवून घेणारा'. मात्र जो वारा येईल तशी पाठ देतो, त्याला मराठी लवचीक म्हणत नाही, लेचापेचा म्हणते.

३/ या गुणाविषयी मराठी मन दुहेरी आहे. 'मोडेन पण वाकणार नाही' हा आपला आवडता बाणा. तुकोबांनी मात्र महापुरात तगून राहणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला दिला. मग वाकणे हा गुण की दोष?

४/ निजामी राजवटीत परभणीकरांपुढे हा प्रश्न रोजचा होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. सार्वजनिक सभांवर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाची बंधने. मराठी मुलखात कचेरीत पाऊल टाकायचे तर परक्या भाषेशी जुळवून घेणे भाग होते.

५/ अशा स्थितीत १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ साली तो जिल्हा निर्माण होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. राजसत्तेला थेट आव्हान न देता मराठी भाषकांचे शैक्षणिक आणि सामाजिक प्रश्न मांडण्याचे हे व्यासपीठ होते.

६/ पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. या काळात महाराष्ट्र परिषदेसारख्या भाषिक संघटनांनीच लोकजागृतीचे काम चालू ठेवले. सत्तेपुढे नेमके किती लवायचे, यावरून परिषदेत मवाळ आणि जहाल असे गट पडले. स्वामी रामानंद तीर्थ जहालांच्या बाजूचे. हा वाद कटू होता, पण निष्फळ नव्हता. रूप बदलावे, मागणी सोडू नये, ही मर्यादा त्यातूनच स्पष्ट होत गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

७/ पदार्थविज्ञानाचे मराठी पुस्तक येथे नेमका शब्द पुरवते : स्थितिस्थापक. ताण सरताच मूळ आकारावर येणारा पदार्थ तो स्थितिस्थापक. शिशाची तार सहज वाकते, पण वाकलेलीच राहते. पोलादाची पट्टी वाकते आणि सरळ होते. वाकताना दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो दाब निघाल्यावर.

८/ म्हणून 'उमेदवार फ्लेक्झिबल हवा' अशी जाहिरात वाचताना एक प्रश्न विचारावा : वाकायचे कोणी? वेळ बदलण्याची मुभा कामगाराला असेल, तर ती सवलत. मालक हवे तेव्हा बोलावणार असेल, तर त्याच शब्दाआड सक्ती असते. इंग्रजी विशेषण हा भेद दाखवत नाही. तो आपणच विचारून घ्यावा लागतो. परतूरला जमलेल्यांनी पद्धत लवचीक ठेवली, हेतू नव्हे. या शब्दाचा याहून चांगला अर्थ कोशात शोधूनही सापडणार नाही.