वेळनोंद सॉफ्टवेअर आणि एआय एजंट

कामाच्या तासांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर एआय एजंटकडून चालवून घेण्याची पद्धत. नोंद सुरू करणे, थांबवणे, दुरुस्त करणे, महिन्याची टाइमशीट काढणे ही कामे एजंट येथे स्क्रीनवरची बटणे दाबून करत नाही. सॉफ्टवेअरने नावानिशी खुली केलेली ‘टूल्स’ तो वापरतो. प्रत्येक टूल काय करते, त्याला कोणती माहिती लागते आणि उत्तरात काय मिळते, हे लेखी दिलेले असते. ही लेखी वर्णने जितकी चोख, तितकी एजंटची नोंद भरवशाची.

पार्श्वभूमी : कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ छापणाऱ्या घड्याळाचे पेटंट अमेरिकेतील विलार्ड बंडी यांना १८९० मध्ये मिळाले. वकिली फर्ममध्ये पुढे सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत बिल करण्याची रीत रुळली. आयटी सेवांमध्ये क्लायंटचे बिल बहुधा टाइमशीटवरच निघते आणि ती भरण्याचा कंटाळा हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत सारखाच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ च्या निकालात रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह यंत्रणा ठेवण्याचे बंधन मालकांवर असले पाहिजे, असे म्हटले. नोंद अशी बिलाचा आणि कायद्याचा आधार असल्याने ती कोण लिहितो याला महत्त्व येते.

कार्यपद्धती : टॉगल ट्रॅक, क्लॉकिफाय, किमाई यांसारख्या सॉफ्टवेअरना प्रोग्रामरसाठी एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधून ते चालवण्याची सोय, आधीपासून होतेच. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) हे खुले मानक जाहीर केल्यावर ते एजंटला जोडण्याची एक सामाईक रीत मिळाली. या रीतीत सॉफ्टवेअरच्या बाजूचा सर्व्हर आधी आपल्याकडच्या टूल्सची यादी देतो. यादीत टूलचे नाव, साध्या भाषेतले वर्णन आणि माहितीचा साचा असतो. एजंट त्यातून टूल निवडून मागणी पाठवतो. हा सारा संवाद जेसन-आरपीसी या ठरीव स्वरूपात चालतो. एपीआयचे दस्तऐवज प्रोग्रामर निवांतपणे वाचतो, अडल्यास सहकाऱ्याला विचारतो. एजंटला त्या क्षणी बहुधा वर्णनातल्या चार ओळींवरच भागवावे लागते.

समजा, पुण्यातल्या कर्मचाऱ्याने सांगितले, ‘काल दुपारी दोन ते साडेतीन डिझाइन रिव्ह्यू होता, तेवढा टाक.’ एजंटला आधी प्रोजेक्टची यादी मागवून त्याचा क्रमांक शोधावा लागतो. मग दोन वाजताचे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार ८:३० करावे लागतात आणि कालावधी सेकंदांत हवा असेल तर तो ५,४०० लिहावा लागतो. तास बिलात धरायचे की नाही, हे वाक्यात नाहीच. तेथे चांगला एजंट विचारतो, वाईट एजंट ठोकून देतो. बिलात धरण्याचा रकाना सक्तीचा आहे, असे वर्णनात लिहिले असेल तर विचारले जाण्याची शक्यता वाढते.

अडचणी बारीक असतात, पण महागात पडतात. टॉगलच्या एपीआयच्या नवव्या आवृत्तीत चालू नोंदीचा कालावधी उणे १ असा दिला जातो. वर्णनात हे नसेल तर ‘टायमर लाव’ म्हटल्यावर एजंट शून्य मिनिटांची बंद नोंद करून मोकळा होऊ शकतो. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपूर्वीचे काम यूटीसीत आदल्या तारखेला पडते. अमेरिकी क्लायंटशी १ तारखेला रात्री साडेबाराला झालेला कॉल त्यामुळे मागच्या महिन्याच्या बिलात शिरू शकतो. नोंद झाली पण सर्व्हरचे उत्तर वाटेत हरवले, तर एजंट पुन्हा मागणी पाठवतो आणि दीड तासाचे तीन तास होतात. टूल पुन्हा चालवल्यास नवा परिणाम होत नाही, ते फक्त वाचते, की काही नष्ट करते, हे दर्शवणाऱ्या खुणा एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत आल्या. मात्र भरवशाच्या सर्व्हरकडून आल्याशिवाय या खुणा खऱ्या मानू नयेत, असे मानकच बजावते. टूल चालण्याआधी नकार देण्याची सोय माणसाच्या हाती असावी, अशीही त्याची शिफारस आहे.

कॅलेंडर वाचून टाइमशीट भरणाऱ्या एजंटबाबत धोका आणखी वेगळा. कॅलेंडरमध्ये मीटिंग ठरल्याची नोंद असते, झाल्याची नव्हे. रद्द झालेली मीटिंग तेथून कोणी काढली नाही, तर तिचेही पैसे क्लायंटला लागतात. शिवाय आमंत्रणाचा मजकूर बाहेरच्या माणसाने लिहिलेला असू शकतो. त्यात पेरलेली सूचना एजंट आज्ञा समजून पाळू शकतो.

एपीआयची व्यक्तिगत किल्ली एजंटला दिली, की वापरकर्त्याचे बहुतेक अधिकार तिच्यासोबत जातात. म्हणून वाचनाची टूल्स मोकळी ठेवावीत, नोंद लिहिणारी माणसाच्या होकारानेच चालवावीत. मंजूर टाइमशीट बदलणारे किंवा नोंदी पुसणारे टूल एजंटच्या यादीत ठेवूच नये.