१९६० चा उन्हाळा आणि २०५ श्लोकांच्या वह्या



बडोद्याच्या मराठी माणसांचा इतिहास सांगायला बसलं की आपण पिलाजीरावांपासून सुरू करतो आणि सयाजीराव महाराजांपाशी येऊन थांबतो. १९३९ साली महाराज गेले, त्यानंतर जणू काही घडलंच नाही! पण आपल्यापैकी बहुतेकांची घरं इथे टिकली की उठली, हे ठरलं ते पुढे, १९६० मध्ये. त्या वर्षीच्या उन्हाळ्याबद्दल आज थोडं लिहितो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

आधी थोडा हिशोब. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, त्या राज्याचे दोन भाग झाले आणि बडोदे गुजरातेत आलं. आमचे नाना संस्थानच्या वेळेपासून कारकून. ते म्हणायचे, "खुर्ची तीच, टेबल तेच, आणि हे तिसरं सरकार." गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले डॉ. जीवराज मेहता. विलीनीकरणाच्या आधी ते बडोद्याचेच दिवाण होते, त्यामुळे नानांच्या पिढीला तेवढा एक दिलासा होता, माणूस माहितीतला आहे म्हणून. पण दांडिया बाजारातल्या ओट्यांवर संध्याकाळी विषय एकच. इथे राहायचं की मुंबई-पुणं गाठायचं? आमच्या गल्लीतली दोन बिऱ्हाडं त्या वर्षभरात गेलीसुद्धा.

आम्हा मुलांना यातलं फारसं काही कळत नव्हतं. आम्हाला सुट्टी होती. एप्रिलच्या शेवटी अक्षय तृतीया झाली, चैत्रगौर उठली. आंब्याची डाळ आणि पन्हं संपलं. (आमच्याकडे हळदीकुंकवाला अर्ध्या बायका गुजराती असत आणि डाळीची कृती दर वर्षी नव्याने विचारत.) गौरीपुढचं चैत्रांगण ताईने काढलं होतं. ते पुसायच्या आधी आजीने बारकाईने पाहिलं, चित्रांखाली ताईने घातलेली नावंही वाचली आणि म्हणाली, "चित्रं छान आहेत गं, पण अक्षरं सगळी बोडकी!"

ताई आणि आम्ही दोघे भाऊ गुजराती शाळेत होतो. गुजराती लिपीला वरची रेघ नसते. तीच सवय आमच्या हाताला लागलेली. मराठी लिहायला घेतलं की शब्द डोक्यावरच्या रेघेवाचून उघडेच राहायचे, आणि क, ज, फ, ब अशी काही अक्षरं तर थेट गुजराती वळणाची उतरायची. वाचायचो बरं, बोलायचो भरपूर, लिहायचं म्हटलं की पंचाईत. आजीने दुसऱ्याच दिवशी नानांना चार वह्या आणायला सांगितल्या. मनाचे श्लोक लिहायचे. एकूण २०५, रोज पाच, म्हणजे ४१ दिवस. शाळा उघडायच्या आत काम पुरं. पानाभोवती वेलबुट्टी ज्याने त्याने आपल्या मनाने काढायची, रंग हळदीचा, कुंकवाचा आणि निळीचा. पाच श्लोक झाल्याशिवाय पत्ते नाहीत, कॅरम नाही. पुढे आयुष्यभर बँकेत कर्जाचे हप्ते बांधून देताना मला आजीची ही मांडणी आठवायची. झेपेल एवढा हप्ता असला की माणूस बुडवत नाही.

तीन मुलं आणि वह्या चार, हे लक्षात आलं असेल. चौथी वही शेजारच्या गुजराती घरातल्या मुलीची. ती दिवसभर आमच्याकडेच असायची, तिला वगळणार कसं? तिला मराठी बोलता यायचं, पण आमच्या वळणाने लिहायला ती तयार नव्हती. आजीने विचार केला आणि म्हणाली, "तू तुझ्या लिपीत लिही. पण म्हणताना च आणि ज माझ्यासारखा म्हणायचा." झालं. ती गुजराती अक्षरांत मनाचे श्लोक लिहू लागली, आणि आमच्याआधी तिचे पाच व्हायचे.

दुपारी ऊन असं की कुत्रंही रस्त्यावर दिसत नसे. चार-साडेचारला आम्ही सुरसागरच्या काठाने, न्यायमंदिरावरून, लहरीपुरा दरवाजातून आत मांडवीकडे सेंट्रल लायब्ररीत जायचो. महाराजांनी अमेरिकेतली मोफत ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये तिथून बोर्डेन नावाचे तज्ज्ञ बोलावून गावोगाव वाचनालयांची व्यवस्था लावली, हे आपण सगळे जाणतोच. आम्हा पोरांना मात्र तिथल्या काचेच्या जमिनीचं अप्रूप. लोखंडी घोड्यांच्या मधे जाड काचांच्या लाद्या, वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली सावली हलायची. त्या उन्हाळ्यात मी श्यामची आई वाचलं आणि धाकट्याने चांदोबाचे जुने अंक फाटेपर्यंत वाचले. ताई हरिभाऊ आपट्यांच्या उषःकालात अडकली होती.

नानांचं मात्र एकच दैवत, चिं. वि. जोशी. बडोद्याच्या कॉलेजात पाली शिवकवायचे, पुढे संस्थानचं दफ्तर सांभाळलं, आणि त्यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ लिहिले. नाना म्हणत, "नावं पुण्याची, पण माणसं आमच्या कचेरीतली." रियासतकार सरदेसाईही इथलेच म्हणायचे. राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांची मराठी रियासत उभी राहिली. साहित्य संमेलनं १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन वेळा इथे झाली होती. हे सगळं नाना त्या उन्हाळ्यात वारंवार का सांगत होते, ते मला फार पुढे समजलं. ते आम्हाला सांगतच नव्हते. स्वतःशीच वाद घालत होते.

मे महिन्याच्या मध्याला काका मुंबईहून आले. त्यांची दोन पोस्टकार्डं आधीच येऊन गेली होती: दादा, आता तिथे काय ठेवलंय? त्यांच्यासाठी म्हणून चांदोदची सहल ठरली. प्रतापनगरहून नॅरो गेजची छोटी गाडी, डभोईवरून चांदोदला. ही गायकवाड सरकारची गाडी. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ मध्ये ती सुरुवातीला चक्क बैलांनी ओढली. १९६० मध्ये इंजिन होतं, पण वेग बैलांना लाजवणारा नव्हता. डब्यात दशम्या, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं, आणि शेजारच्या काकींनी दिलेली थेपल्यांची चळत. चांदोदला नर्मदेत ओरसंग मिळते आणि सरस्वती गुप्त आहे म्हणतात. सकाळी नावेतून संगमावर गेलो, अंघोळी केल्या, करनाळीला कुबेराचं दर्शन घेतलं. वह्या बरोबर होत्या! घाटावर पिंपळाखाली बसून त्या दिवसाचे पाच श्लोक लिहिले. माझ्या वहीत त्या पानावर पाण्याचा डाग आहे.

काकांनी विषय तिथेच काढला. उद्या या पोरांना इथे नोकऱ्या कोण देणार, मराठी शाळा किती दिवस चालतील, मुली कुठे द्यायच्या? खोटं काहीच नव्हतं त्यात. नाना गप्प. उत्तर आजीने दिलं. शेजारच्या काकी रोज दत्तबावनी म्हणायच्या आणि आजी मागून ऐकायची. ती म्हणाली, "नारेश्वरच्या रंग अवधूतांचं घराणं मूळ कोकणातलं. त्यांचे गुरू टेंबे स्वामी, तेही कोकणातले, त्यांची समाधी इथे वर गरुडेश्वरला. अवधूतांनी बावनी गुजरातीत लिहिली म्हणून दत्त आपला राहिला नाही का रे?" काका म्हणाले, "आई, दत्ताला नोकरी लागत नाही." सगळे हसले, आजीही हसली.

आम्ही राहिलो ते या संवादामुळे, असं सांगायला छान वाटेल, पण मला ते पुरतं पटत नाही. काकांची गिरगावातली जागा दोन खोल्यांची, माणसं सहा. आमचं इथलं भाडं नगण्य, नानांची नोकरी जुनी, आजीला दमा. हिशोबही राहण्याच्याच बाजूने होता. फक्त चांदोदहून परतल्यावर नानांनी काकांना "बघू" म्हणणं सोडलं आणि "नाही" म्हटलं, एवढं खरं. काकांनी मग तिसरं पोस्टकार्ड पाठवलं ते आमच्यासाठी मराठी पुस्तकांची यादी होती. दर दिवाळीला त्यातलं एक पुस्तक मुंबईहून यायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वह्या पुऱ्या झाल्या. आजीने देव्हाऱ्यापुढे ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं, खिरीचा नैवेद्य दाखवला. पहिल्या पानांवर शिरोरेखा पट्टीने मागाहून ओढलेल्या दिसतात. साठाव्या-सत्तराव्या श्लोकापासून त्या हाताने, अक्षराबरोबरच येऊ लागतात. धाकट्याने वेलबुट्टीऐवजी शेवटपर्यंत नॅरो गेजचे डबे काढले, आजीने चालवून घेतलं.

तिन्ही वह्या आज माझ्या कपाटात आहेत. माझ्या दोन्ही नाती इंग्रजी शाळेत जातात. थोरलीला देवनागरी हिंदीमुळे येते आणि ती श्लोक अडखळत का होईना वाचते, धाकटीला अजून नाही. चौथी वही सुरतेला आहे. त्या शेजारच्या ताई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मागच्या वर्षी फोनवर त्यांनी मला सलग अकरा श्लोक म्हणून दाखवले, च आणि ज आजीसारखा.