सातारा-सांगलीची श्रुतिपेटी : एका वादाचा इतिहास

महाराष्ट्रात बाजाच्या पेटीइतके लोकप्रिय आणि पेटीइतके निंदिले गेलेले दुसरे वाद्य क्वचितच सापडेल. कीर्तनात, नाटकगृहात, गवयाच्या बैठकीत आणि मध्यमवर्गीय घराच्या माजघरात तिने आपले स्थान पक्के केले. आणि त्याच काळात शास्त्रज्ञ पंडितांनी तिला परकी, बेसूर व गळ्याला बिघडविणारी ठरविले. या वादाकडे सामान्यतः देशी-परदेशीचा वाद म्हणून पाहिले जाते. कृष्णाकाठच्या एका छोट्या मंडळाने मात्र तो मोजमापाचा प्रश्न मानला, आणि पेटीला हद्दपार करण्याऐवजी तिच्यातच बावीस श्रुती बसविण्याचा घाट घातला. त्या प्रयत्नाचा वृत्तान्त संगीताच्या इतिहासात बहुधा तळटीपेपुरता येतो. त्याची योग्यता त्याहून अधिक आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पॅरिस येथे १८४२ मध्ये देबें याने हार्मोनियमचे स्वामित्व मिळविले. मूळ वाद्य पायाने भाता मारण्याचे होते. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन पेढीने जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे त्याचे रूप प्रचारात आणले, आणि मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या शेजारी ते सहज जाऊन बसले. मराठी रंगभूमीने पेटी उचलली, पुढे तिच्या जोडीस पायांनी वाजविण्याचा ऑर्गनही आला. सांगली हे या रंगभूमीचे जन्मस्थान. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ तेथे १८४३ मध्ये झाले. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. या देवलांचे थोरले बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे प्रस्तुत वृत्तान्ताचे एक नायक होत.

कृष्णाजीपंत सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टरच्या पदापर्यंत चढले आणि निवृत्तीनंतर संगीताच्या अभ्यासास लागले. निवृत्त अधिकाऱ्याचा हा छंद हौशी स्वरूपाचा राहिला असता तर त्याचा उल्लेख करण्याचे कारण पडले नसते. परंतु महसुली कामातील मोजणीची सवय त्यांनी स्वरांना लावली. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामातील सात स्वरांच्या श्रुती चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा सांगितल्या असून त्यांची बेरीज बावीस होते. पण एक श्रुती म्हणजे नेमके किती अंतर, हे तेथे अंकांत दिलेले नाही. ग्रंथांचा अर्थ लावणारे पंडित शब्दावर शब्द रचीत राहिले होते. देवलांनी निराळी वाट धरली. त्या वेळी मिरजेच्या परिसरात वास्तव्य असलेल्या अब्दुल करीमखाँ यांच्यासारख्या अत्यंत सुरेल गवयास गावयास लावावे, त्याचा स्वर तारेवर जुळवावा, तारेची लांबी मोजावी आणि त्या लांबीवरून स्वराची कंपनसंख्या काढावी, अशी ती वाट होती.

या पद्धतीमागील तत्त्व साधे आहे. ताण तोच ठेवला तर तारेची लांबी आणि कंपनसंख्या यांचे प्रमाण व्यस्त असते. छत्तीस इंची तारेवर षड्ज वाजत असेल, तर चोवीस इंचांवर पंचम आणि अठरा इंचांवर तारषड्ज मिळतो. षड्ज दर सेकंदास २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० चा, शुद्ध मध्यम ३२० चा आणि तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा गंधार ३०० चा येतो. धैवताशी आल्यावर मात्र अडचण उभी राहते. गंधारापासून मध्यमभावाने गेल्यास धैवत ४०० चा येतो. २७० च्या ऋषभापासून पंचमभावाने गेल्यास ४०५ चा. दोन्ही धैवत नियमाने सिद्ध होतात, आणि दोहोंत ऐंशीस एक्याऐंशी एवढेच अंतर आहे. अशा जोड्या जवळजवळ प्रत्येक स्वराच्या निघतात. षड्ज-पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांची दोन-दोन रूपे घेतली की बाविसाची संख्या भरते. हा हिशेब इतका नीटनेटका आहे की भरतास तोच अभिप्रेत असावा असे वाटण्याचा मोह देवलांना आवरला नाही, यात नवल नाही.

‘हिंदू संगीतातील स्वरसप्तक आणि बावीस श्रुती’ या विषयावरील देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. सनदी नोकरीतील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांना या संशोधनाने झपाटून टाकले. त्या दोघांच्या पुढाकाराने १९११ मध्ये साताऱ्यास ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी, कचेऱ्या आणि वकिलांच्या गावात, अशा भारदस्त विलायती नावाची संगीतसंस्था निघावी हा त्या काळाचाच एक नमुना म्हटला पाहिजे. क्लेमेंट्स यांच्या सूचनेवरून लंडनच्या मूर अँड मूर या पेढीने एक विशेष हार्मोनियम तयार केला. नेहमीच्या पट्ट्यांबरोबर जास्तीच्या स्वरांची सोय करून सप्तकात बावीस श्रुती वाजविता याव्यात, अशी त्याची योजना होती. हीच श्रुतिपेटी. क्लेमेंट्स यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला.

नेहमीच्या पेटीचा दोष नेमका कोठे आहे, हे या मंडळींनी अचूक ओळखले होते. पाश्चात्त्य जुळणीत सप्तकाचे बारा समान भाग पाडतात. त्यामुळे २४० च्या षड्जावर गंधार ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ चा होतो, आणि धैवत ४०० चाही नाही व ४०५ चाही नाही, तर मधलाच ४०३.६ चा. पंचम मात्र ३५९.६ चा, म्हणजे जवळजवळ निर्दोष राहतो. गंधारातील फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण १२० कंपनांच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार सूक्ष्मपणे झंकारतो तो ६०० कंपनांचा असतो, आणि पेटीच्या गंधाराचा दुप्पट उपस्वर ६०४.८ च्या आसपास येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदास जवळजवळ पाच हेलकावे कानास जाणवतात. मिरजेच्या जवारीदार तंबोऱ्यांवर पोसलेल्या कानाला ही थरथर खुपणारच. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याची जी परंपरा चालत आली, आणि जिच्या सतारी-तंबोऱ्यांस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती परंपरा ज्या गावात, त्याच परिसरात पेटीच्या गंधाराविषयी तक्रार उठावी हा केवळ योगायोग नव्हे.

बडोदे येथे मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे होते. या परिषदेत श्रुतींचा प्रश्न चर्चेस आला, श्रुतिपेटी मांडली गेली, आणि देवल-क्लेमेंट्स यांच्या मतास मान्यता मिळाली नाही. भातखंड्यांची भूमिका थोडक्यात अशी होती की, प्राचीन ग्रंथकारांना आधुनिक भौतिकशास्त्राची प्रमाणे ठाऊक होती असे मानण्यास आधार नाही, आणि प्रचलित रागांचे वर्णन करण्यास बारा स्वर पुरेसे आहेत. अति कोमल, तीव्रतर इत्यादी छटा गुरुमुखातून कळाव्यात. त्यांवर रागांचे वर्गीकरण उभारू नये.

या प्रसंगाचे वर्णन करताना देवलांचा पराभव आणि भातखंड्यांचा विजय अशी मांडणी करण्याची प्रथा आहे. ती वरवरची आहे. भाषाशास्त्रातील एक भेद येथे उपयोगी पडतो. बोलणाऱ्याच्या मुखातून प्रत्यक्ष निघणारा ध्वनी म्हणजे स्वन. आणि अर्थभेद करणारे, भाषिकांच्या मनात एकच मानले जाणारे एकक म्हणजे स्वनिम. ‘चार’ मधील च आणि ‘चमचा’ मधील च मराठी कानास निराळे लागतात. पण लिपीने दोघांस एकच अक्षर दिले आहे, आणि त्यावाचून वाचकाचे अडत नाही. भातखंड्यांना संगीताची लिपी हवी होती. रागारागांतील भेद कमीत कमी चिन्हांनी दाखविता येतील, अशी बारा एकके त्यांनी घेतली. देवलांना उच्चार हवा होता. दोघांचे प्रश्नच भिन्न होते, आणि परिषदेत एकाच्या प्रश्नास दुसऱ्याचे उत्तर लावून पाहिले गेले. देवलांची खरी चूक मोजण्यात नव्हती. मोजलेले बिंदू स्थिर आहेत, आणि ते पट्टीखाली कायमचे बसविता येतील, असे त्यांनी गृहीत धरले, ही ती चूक होय.

हे गृहीत पुढील संशोधनात टिकले नाही. नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत एकाच स्वराची उंची कलावंतागणिक बदलते असे आढळले. मार्क लेव्ही यांच्या १९८२ च्या ग्रंथातही निष्कर्ष त्याच दिशेचा आहे. या कामात जुन्या ध्वनिमुद्रिकांचे महत्त्व विशेष. अब्दुल करीमखाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी निवर्तले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. त्यांचा आवाज तबकड्यांवर राहिला. जुनी तबकडी नेमक्या कोणत्या वेगाने भरली गेली याची खात्री नसते, म्हणून तिच्यावरून गवयाची पट्टी सांगणे धोक्याचे. पण वेग सर्वत्र सारखा असेल तर षड्ज-गंधाराचे परस्परप्रमाण बदलत नाही, आणि श्रुतिविचारास तेवढे पुरते. साडेतीन मिनिटांच्या या ठिसूळ लाखी तबकड्या शोधून काढणाऱ्या संग्राहकांकडे पूर्वी विद्यापीठीय मंडळी कौतुकमिश्रित उपेक्षेने पाहत. मुंबईस १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाल्यावर त्यांच्या सूची व नियतकालिक हीच संशोधकाची साधने होऊन बसली.

इकडे व्यवहारात साधी पेटीच वाढत राहिली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तिला केवळ साथीच्या पायरीवरून उचलून स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. ‘मानापमान’ (१९११) च्या चाली त्यांच्याच. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन बालगंधर्वांच्या गाण्याचे अंगच बनला. पुढे पी. मधुकर, बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर, मिरजेजवळच्या कागवाडात १९१७ मध्ये जन्मलेले रामभाऊ विजापुरे, आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर अशी मालिकाच उभी राहिली. श्रेष्ठ कोण, याविषयी रसिकांत कडाक्याचे वाद होत आले आहेत. कोणी पी. मधुकरांच्या तयारीवर लुब्ध, तर कोणी पटवर्धनांनी गायकाचा शब्द न् शब्द पेटीतून उमटविला म्हणून त्यांचा पक्ष घेणारा. या वादांत एक गोष्ट मात्र सर्वांस मान्य असते. मोठा वादक पेटीस न येणारी मींड येत असल्याचा भास निर्माण करतो. पट्टी अर्धवट दाबणे, भात्याचा दाब सूक्ष्मपणे कमीजास्त करणे, एक स्वर सुटण्यापूर्वी दुसरा धरणे आणि ज्या गंधारावर थांबले तर खुपेल तेथे न थांबणे, ही ती हिकमत. बडोद्याच्या परिषदेने जे सोडविले नाही ते या वादकांच्या बोटांनी आपल्यापुरते सोडविले.

सरकारी नभोवाणीस ही तडजोड पटली नाही. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीस बंदी झाली. बंदी घालणारे परके अधिकारी होते. ती स्वातंत्र्यानंतर नेटाने चालविणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठी होते. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले तेव्हा पेटीच्या या माहेरघरातही तिला तेथे मज्जाव होता. १९७० मधील परिसंवादानंतर ही बंदी शिथिल झाली. गंमत अशी की, बंदीच्या ऐन भरातही गवई आपला षड्ज ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असाच सांगत होते. पट्ट्यांचे रंग मराठी गायकांच्या परिभाषेत इतके मुरले होते की, पेटीचा निषेध करणाऱ्यासही तंबोरा लावताना पेटीचीच भाषा बोलावी लागे. ‘संवादिनी’ हा संस्कृत शब्द योजला गेला. मनोहर चिमोटे यांनी स्वरमंडलाची जोड देऊन केलेल्या वाद्यास तो नावच होऊन चिकटला. बोलीत पेटी ती पेटीच राहिली.

पट्टी आणि मींड यांतील विरोध हिंदुस्थानापुरता नाही. अमेरिकेत १९७० मध्ये मिनिमूग हे विद्युत्स्वरवाद्य बाजारात आले. त्याच्या डाव्या बाजूस स्वर वर-खाली ओढणारे एक चाक होते. महाविष्णु ऑर्केस्ट्रा या जाझ-रॉक मिश्रवृंदात १९७१ ते १९७३ या काळात यान हॅमर याने उजव्या हाताने पट्ट्या आणि डाव्या हाताने ते चाक चालवून गिटारीशी सवालजबाब केले. वृंदाचे नाव भारतीय, त्याचा प्रमुख जॉन मॅकलॉफलिन पुढे ‘शक्ती’ या वृंदात भारतीय वादकांबरोबर वाजवू लागला. पण हॅमरची अडचण साताऱ्याच्या सोसायटीचीच होती. त्याने निवडलेला उपाय मात्र क्लेमेंट्स यांच्या उलट. क्लेमेंट्स यांनी बिंदू वाढविले, हॅमरने दोन बिंदूंमधली वाट मोकळी केली. गळ्याच्या अधिक जवळ कोण गेला, हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही.

बिंदूंचा मार्ग तरीही सोडला गेलेला नाही. गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. तिच्यात षड्ज-पंचमाखेरीज प्रत्येक पट्टीस एक खुंटी असून, ती ओढली किंवा ढकलली की त्या स्वराच्या दोन रूपांपैकी एक वाजते. क्लेमेंट्स यांच्या वाद्यावर वाजविणाऱ्यास बोटांची ठेवणच नव्याने शिकावी लागली असती. येथे राग सुरू करण्यापूर्वी खुंट्या लावून घ्यायच्या आणि नेहमीच्या पेटीप्रमाणे वाजवीत जायचे. भूप वाजवावयाचा तर ४०० चा धैवत की ४०५ चा, हे वादकाने आधीच ठरवावयाचे असते. एखादा गायक आरोहात एक आणि अवरोहात दुसरा लावील तेव्हा साथीदाराने काय करावे, हा बडोद्यास अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्या खुंटीपाशी अजून उभा आहे.