हॉर्मेचा खरारा

घोड्याच्या अंगाची निगा राखण्याला मराठीत ‘खरारा’ हा नेमका शब्द आहे आणि तो करणारा मोतद्दारही आहे. कुत्र्यासाठी असा शब्द घडवण्याची गरज आपल्याला भासली नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक ॲरियन याला मात्र कुत्र्याचे अंग चोळणे हा विषय ग्रंथात सविस्तर मांडण्याच्या योग्यतेचा वाटला.

ॲरियन आपल्या परिचयाचा आहे तो अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहासकार आणि ‘इंडिका’चा कर्ता म्हणून. एपिक्टेटसचा हा शिष्य हेड्रियन बादशहाच्या काळात कॅपाडोशियाचा राज्यपाल होता. झेनोफनने शिकारीवर लिहिले, पण केल्ट लोकांचे वेगवान शिकारी कुत्रे त्याला ठाऊक नव्हते; ती उणीव भरून काढण्यासाठी ॲरियनने त्याच विषयावर एक छोटा ग्रंथ रचला. त्यात तो मध्येच थांबतो आणि आपल्या हॉर्मे नावाच्या कुत्रीविषयी लिहू लागतो. तिचे नाव पुढच्यांसाठी लिहून ठेवण्यात त्याला संकोच वाटत नाही. ती घरात त्याच्याजवळ बसते, व्यायामशाळेत सोबत जाते.

या लोभस वर्णनातच एक अस्वस्थ करणारा तपशील आहे. लहानपणी तिला कधी चाबूक बसला होता. अजूनही कोणी ‘चाबूक’ एवढा शब्द उच्चारला, की ती बोलणाऱ्याजवळ जाऊन अंग चोरते, विनवते, तोंडाला तोंड लावते, गळ्यात पडते. राग निवळल्याची खात्री होईपर्यंत सोडत नाही. ॲरियनला यात तिची बुद्धी दिसते. मला भीतीही दिसते. (महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या सत्रात विनाकारण मार खाऊन आईकडे रडत गेलेले सरमेचे पिल्लू इथे आठवल्यावाचून राहत नाही.)

अंग चोळण्याची त्याची रीत मात्र विलक्षण सावध आहे. उजवा हात पाठीवरून फिरवताना डावा हात पोटाखाली हवा, म्हणजे दाबाने कुत्रा खाली वाकणार नाही. बरगड्या दोन्ही हातांनी चोळायच्या, मग पाय पार पंजापर्यंत. याने अवयव बळकट होतात, केस मऊ व तुकतुकीत होतात. कुत्र्यांना माणसाजवळ झोपू द्यावे, कारण माणसाच्या अंगाचा स्पर्श त्यांना आवडतो, असेही तो सांगतो. शेवटी शेपटी धरून कुत्र्याला उचलण्याचा जो सल्ला आहे, तो भित्र्या कुत्र्यावर कोणी करून पाहू नये!

भीतीचे मर्म त्याच्याआधी पाच शतके झेनोफनने घोड्यांच्या संदर्भात ओळखले होते. बुजलेल्या घोड्याला मारले, तर त्या वेदनेचे कारण समोरची वस्तूच आहे असे त्याला वाटते आणि भीती दुणावते. म्हणून वस्तूला आधी स्वतः हात लावावा व घोड्याला हळूच जवळ न्यावे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर या बालकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात पीटर खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणला गेला. आज घरी ब्रशला भिणाऱ्या कुत्र्यासाठी सुचवली जाते ती हीच रीत. ब्रश आधी जमिनीवर ठेवायचा. कुत्र्याने तो हुंगला की घास द्यायचा. मग खांद्यावर ब्रशची पाठ टेकवायची आणि पुन्हा घास. त्यानंतर एकच फटकारा. पंजे आणि शेपटी बऱ्याच दिवसांनी. त्याने मान वळवली, जीभ ओठांवरून फिरवली, अंग ताठ केले, की तिथेच थांबायचे. दाबून धरून उरकलेला एक खरारा आठवड्यांची मेहनत वाया घालवू शकतो.

सोडल्यावर कुत्रा अंग झाडतो, ती त्याला चोळणे आवडल्याची खूण, असे ॲरियन म्हणतो. पण ताण उतरतानाही कुत्रा अंग झाडतो, हे आता आपल्याला माहीत आहे. त्यामुळे झाडून झाल्यावर तो पुन्हा हाताखाली येतो की दाराकडे जातो, हे पाहावे लागते.