बट्टा कोणाच्या पदरी?

यंदाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्याची नावनोंदणी मोबाईलवर घ्यावी, परगावी गेलेल्या आपल्या लेकीसुनांना क्रेडिट कार्डानेही वर्गणी भरता यावी, असे बैठकीत निघाले आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली गृहिणी. कार्ड कधी हाती धरलेले नाही. पण चौकशी करताना आजेसासूबाईंचा एक शब्द सारखा आठवत राहिला. तो शब्द म्हणजे बट्टा.

आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. संस्थानचे नाणे वेगळे. त्याला हाली म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. ७ हाली रुपयांचे ६ कलदार, असा साधारण भाव असे. मनमाडला इंग्रजी मुलूख लागे, तेथे हाली चालत नसे. मग सराफाकडे जावे आणि तो बट्टा कापून बदलून देई. ओवाळणीत पैसे आले तरी आधी ‘हाली का कलदार?’ असे विचारावे लागे, असे आजेसासूबाई सांगत. पुढे १ एप्रिल १९५७ पासून १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला, आणि १९५९ साली हाली नाणे कायमचे बंद झाले. बायकांना वाटले, बट्टा गेला.

तो गेला नाही, त्याने फक्त नाव बदलले. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले. कार्ड म्हणजे किराणा दुकानातली उधारीची वहीच समजा. बँक आज आपल्यातर्फे पैसे भरते, आपण ते मागाहून फेडतो. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पहिले अधिवेशन १९८४ साली शिकागोत झाले. आता तेथील माणसे शेकडो मैलांवरून घरबसल्या कार्डाने नावे नोंदवतात. सोय मोठी खरी. पण ही रक्कम मध्यस्थ कंपनीमार्फत येते आणि ती कंपनी साधारण शेकडा २ रुपये व त्यावर १८ टक्के कर कापते. १०० रुपयांची वर्गणी २०० जणींनी अशी भरली तर ४७२ रुपये मधल्यामध्ये जातील. शिवाय मंडळाच्या नोंदणीची कागदपत्रे व मंडळाच्याच नावाचे बँक खाते लागते. हे मात्र मला पटले. चार जणींचा पैसा एकीच्या खात्यात कधीच जाऊ नये.

मोबाईलवर चौकोनी चित्र दाखवून पैसे देण्याची यूपीआयची रीत २०१६ साली सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून खात्यातून असे थेट दिलेल्या पैशांवर दुकानदाराकडून बट्टा घेतला जात नाही. तेव्हा ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी या रीतीने भरावे, हे उघड आहे.

पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मागे एका कार्यक्रमाची नोंदणी फक्त मोबाईलवर होती. आमच्या शेजारच्या काकू पदरात पैसे बांधून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. घरातला फोन मुलाजवळ होता. त्या रागावल्या नाहीत; ‘आपलं नाणं तिथं चालत नाही गं’ एवढेच म्हणाल्या. हालीचा रुपया घेऊन मनमाडला उतरलेल्या बाईला असेच वाटले असेल.

म्हणून माझी सूचना अशी. रोख पैसे घेऊन हातपावती देणारी बाई दाराशी बसलीच पाहिजे. यूपीआय सर्वांसाठी असावे. ज्यांना दुसरा मार्गच नाही अशा दूरच्या भगिनींसाठीच कार्ड ठेवावे, आणि त्याचा बट्टा मंडळाने सोसावा. वर्गणी सर्वांची सारखीच राहू द्यावी. फोनवर आलेला आकडा मात्र कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नये.

नाणी बदलत राहतील. मंडळाच्या दारात मात्र कोणाचेच नाणे परत जाऊ नये.